पुस्तक मिटल्यावर काय वाजवायचं? पियानोच्या विद्यार्थ्यांना उपज, म्हणजे तिथल्या तिथे रचून वाजवणं, शिकवण्याची जुनी वाट

कोल्हापुरात पेटी शिकणाऱ्या मुलाची बोटं जरा बसली, की त्याला भजनाला बसवतात. समोर कागद नसतो. बुवा ऐनवेळी पट्टी बदलतात, एकच ओळ चार वेळा घेतात, मध्येच दुसऱ्या चालीत शिरतात आणि पोरगं मागोमाग जातं. चुकतं, सावरतं, पण थांबत नाही. त्याच वयाची एखादी मुलगी पियानोची चौथी-पाचवी ग्रेड परीक्षा देते. बाखचा प्रेल्यूड नेटका वाजवते. बोटं बरोबर, लय बरोबर, जोर कुठे द्यायचा आणि कुठे हलकं व्हायचं तेही बरोबर. पुस्तक मिटून तिला म्हणावं, "आता याच पट्टीत अर्धा मिनिट तुझ्या मनाचं काहीतरी वाजव," की तिचे हात मांडीवर येतात. "सर, म्हणजे काय वाजवू?"

यात मुलीचं काहीच कमी नाही. तिला वाचायला शिकवलं, वाजवायला शिकवलं. जे वाजवतेय ते कशाचं बनलंय हे मात्र तिच्या हातांना कधी कळू दिलं नाही. थिअरीच्या पेपरात ती कॉर्डची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरगटांची, नावं बिनचूक लिहून येते, पण पेन्सिलीनं लिहिलेली कॉर्ड आपोआप बोटांत उतरत नाही. ती बोटांत उतरवण्याची एक जुनी, पायरीपायरीची पद्धत युरोपात होती. तिला आज कीबोर्ड हार्मनी म्हणतात. उपज ही वरून मिळालेली देणगी असते, ज्याला येते त्याला येते, हा समज मुलांचं फार नुकसान करतो. उपज शिकवता येते. आपल्या गवयांनी ती पलटे-अलंकारांतून पिढ्यान् पिढ्या शिकवली, आणि बाख-मोत्सार्टच्या काळातल्या शिक्षकांनी कॉर्ड आणि बासमधून, म्हणजे खालच्या आधाराच्या ओळीतून.

ती पद्धत इथे सरगमच्या भाषेत सांगतो, म्हणजे पियानोला कधी हात न लावलेल्यांनाही मोबाइलमधल्या कीबोर्डवर करून बघता येईल. सा म्हणून पांढरी एक, म्हणजे पियानोवरचा C, धरा. वेगळं सांगितलं नाही तर सगळे स्वर शुद्ध.

खालची जमीन हलते

आधी एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा. रागसंगीतात तंबोरा जुळला की सा ठरला. तासभर गाणं चाललं तरी तो हलत नाही. प्रत्येक स्वराला अर्थ येतो तो त्या सा पासून तो किती लांब आहे यावरून. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाला कोल्हापुरात राहिले आणि जयपूर-अत्रौलीची गायकी इथे रुजली. त्या गायकीतली कितीही पेचदार तान घ्या, खालचा सा जागचा हलत नाही. उपज सगळी वरच्या ओळीत असते.

पाश्चात्त्य संगीतात वरची ओळ चालते, तशी खालची जमीनही चालते. करून बघा. उजव्या हातानं तार सप्तकातला सा दाबून धरा. डाव्या हातानं खाली सा-ग-प हे तीन स्वर एकदम वाजवा. मग डावा हात थोडा खाली नेऊन ध-सा-ग वाजवा. मग आणखी खाली, म-ध-सा. वरचा सा तोच आहे, बोटही उचललेलं नाही, तरी तीन वेळा तो तीन प्रकारे ऐकू येतो. पहिल्यांदा निश्चिंत, दुसऱ्यांदा किंचित उदास, तिसऱ्यांदा मोकळा आणि पुढे निघालेला. कारण पहिल्या गटात तो पायाचा स्वर आहे, दुसऱ्यात पायापासून तिसरा आणि तिसऱ्यात पाचवा. शिकवायला सुरुवात मी इथूनच करतो. नोटेशन वाचता न येणारं सहा वर्षांचं मूलही हा फरक ऐकतं, आणि ऐकलं की चेहऱ्यावर दिसतं.

असे एकदम वाजणारे तीन-चार स्वर म्हणजे कॉर्ड, आणि एका कॉर्डवरून दुसरीवर कसं जायचं याचं शास्त्र म्हणजे हार्मनी. म्हणजे पियानोसमोर बसलेल्या मुलीला आपण "मनाचं वाजव" म्हणतो तेव्हा तिच्यावर एकाच वेळी दोन कामं टाकतो: जमीन चालवायची आणि तिच्यावर सूर रचायचे. पेटीवाल्या मुलाकडे यातलं एकच काम असतं, आणि तेही त्याला रोज ऐकून ऐकून येतं.

पेटीवरून कीबोर्डकडे वळलेल्या मुलांची अडचण उलटी असते. उजवा हात तयार, डावा अगदी मुका. साहजिकच आहे, पेटीवर डावा हात भात्यात गुंतलेला असतो. संगीत नाटकांच्या साथीला जो ऑर्गन असायचा त्याचा भाता पायानं चालायचा, तिथे डावा हात मोकळा होता. पण नाट्यपदं मुळात रागावर उभी, त्यांना कॉर्डची गरजच नव्हती. कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी पेटीला साथीतून उठवून स्वतंत्र वादनापर्यंत नेलं, संगीत नाटकांना आणि प्रभातच्या पहिल्या बोलपटांना चाली दिल्या. ती सगळी समृद्धी एका ओळीतली, उजव्या हाताची. डाव्या हातासाठी आपल्याकडे शाळाच नव्हती. म्हणून ती बाहेरून आणावी लागते.

तीन कॉर्ड, हात न हलवता

सुरुवातीला तीनच कॉर्ड घ्यायच्या: सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे. या तिन्हींत मिळून सातही शुद्ध स्वर येतात. म्हणजे शुद्ध स्वरांतली कोणतीही साधी चाल या तिघींवर उभी राहू शकते.

मुलं काय करतात, तर प्रत्येक कॉर्डसाठी अख्खा हात उचलून नव्या जागी आपटतात. सा-ग-प, मग उडी मारून म-ध-सा, मग आणखी एक उडी. असं वाजवणारा हात कधीच मोकळा होत नाही, कारण त्याचं सगळं लक्ष पुढच्या उडीकडे असतं. त्याऐवजी उजवा हात सा-ग-प वर ठेवा. म च्या कॉर्डकडे जाताना सा दोन्हीकडे आहे, म्हणून त्याला धरून ठेवा. ग एक पट्टी वर म कडे सरकेल आणि प वर ध कडे. झालं, सा-म-ध. आता प ची कॉर्ड. इथे दोन्हींत सारखा स्वर नाही. म्हणून तिन्ही बोटं खाली उतरवायची: सा खालच्या नी वर, म रे वर, ध प वर. हातात आलं नी-रे-प. परत घरी जाताना प जागेवर, नी सा कडे, रे ग कडे. डावा हात या सगळ्याखाली एकेकच स्वर वाजवतो: सा, म, प, सा.

यात एक बारीक गोष्ट आहे. म वरून प कडे जाताना डावा हात वर चढतो आणि उजवा खाली उतरतो. मुद्दाम तसं केलंय. दोन्ही हात एकाच दिशेनं, सारख्या अंतरानं सरकले तर चार वेगळे आवाज ऐकू येण्याऐवजी एकच जाडा आवाज सरकल्यासारखा वाटतो. थिअरीच्या पुस्तकांत 'समांतर पाचवे टाळा' म्हणून जो नियम मुलं पाठ करतात, त्याचं कारण हे. कागदावर तो जाचक वाटतो. कीबोर्डवर आधी नियम मोडून आणि मग पाळून वाजवला, की मूल स्वतःच म्हणतं, "हे दुसरं बरं वाटतंय." एवढं झालं की नियम पाठ करायची गरज राहत नाही.

हे पांढरी एकमध्ये पक्कं झालं की पांढरी चार आणि पांढरी पाचमध्ये. पक्कं म्हणजे बोलता बोलता वाजवता यावं इतकं. इथे घाई करणारे शिक्षक पुढे अडकतात.

मग एक छोटी चाल द्यायची. मी ही देतो: सा रे ग, म ग रे, ग म प, म रे सा. चार टप्पे, प्रत्येकात तीन मात्रा. मुलानं प्रत्येक टप्प्याखाली कॉर्ड शोधायची. पहिला आणि तिसरा टप्पा सोपा, सा ची कॉर्ड. दुसरा म पासून सुरू होतो. तिथे म ची कॉर्ड चालते. प च्या कॉर्डमध्ये म मिसळून प-नी-रे-म केली तर तीही चालते. कोणती बरोबर? दोन्ही. वर्गात हा क्षण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. परीक्षेच्या सवयीनं मूल एक उत्तर शोधत असतं. दोन उत्तरं बरोबर आहेत, दोन्हींची चव वेगळी आहे आणि निवड तुझी आहे, हे त्याला पहिल्यांदा कळतं. उपज सुरू होते ती इथे. बोटं भराभर पळवण्याची वेळ खूप नंतर येते.

आकड्यांची भाषा आणि नेपल्सची मुलं

सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातला साथीचा वादक पूर्ण लिहिलेलं वाजवत नसे. त्याच्यापुढे फक्त बासची ओळ असायची, म्हणजे डाव्या हाताचे सुटे स्वर, आणि त्यांच्यावर किंवा खाली बारीक आकडे. आकडा म्हणजे बासच्या स्वराला एक धरून वर मोजायचं. ग खाली ६ लिहिलं असेल तर ग पासून मोजा: ग, म, प, ध, नी, सा. सहावा सा. तिसरा स्वर न लिहिताच घ्यायचा असतो, तो प. म्हणजे हातात येतं ग-प-सा. तीच सा ची कॉर्ड, फक्त पायाशी ग. आकडा काहीच नसेल तर तिसरा आणि पाचवा. एवढ्या सांगाड्यावर वादक तिथल्या तिथे पूर्ण साथ उभी करायचा. स्वर कोणत्या सप्तकात ठेवायचे, किती भरायचे, कुठे सोडायचे, हे त्याचं त्यानं ठरवायचं.

ही भाषा सगळ्यात पद्धतशीर शिकवली गेली नेपल्समध्ये. तिथे चार संगीतशाळा होत्या आणि त्या मुळात अनाथ मुलांसाठी काढलेल्या. या मुलांना पुढे पोट भरायचं होतं, त्यामुळे शिक्षण कामाचं हवं होतं. त्यांना 'पार्तिमेंतो' दिले जायचे: बासच्या ओळी, पुष्कळदा आकड्यांशिवाय. मूल कीबोर्डसमोर बसून त्या ओळीवरून पूर्ण संगीत तयार करायचं, आज एका प्रकारे, उद्या दुसऱ्या. फ्रांचेस्को दुरांते हे तिथले मोठे गुरू. पेर्गोलेसी आणि पाइसिएल्लो त्यांच्याकडे शिकले. फेदेले फेनारोली यांचे नियम १७७५ साली छापले गेले. आज युरोप-अमेरिकेतल्या संगीतशाळांत ही पद्धत पुन्हा अभ्यासली जातेय, आणि मला त्याचा फार आनंद आहे, कारण तिचा गाभा आपल्या तालमीच्या जवळचा आहे. आधी हात आणि कान, नंतर स्पष्टीकरण.

त्या शाळांतला एक पाठ आजही सोन्यासारखा आहे. त्याला सप्तकाचा नियम म्हणतात. या नावानं तो फ्रांस्वा कांपियाँ यांनी १७१६ साली पॅरिसमध्ये छापला. डाव्या हातानं सा पासून वरच्या सा पर्यंत सरळ आरोह करायचा, मग अवरोह. प्रत्येक स्वरावर कोणती कॉर्ड घ्यायची ते ठरलेलं. सा वर सा-ग-प. रे वर रे-म-प-नी. ग वर ग-प-सा. म वर म-ध-सा-रे. प वर प-नी-रे. ध वर ध-सा-म. नी वर नी-रे-म-प. आणि पुन्हा सा.

वाजवताना एक गोष्ट जाणवते. सा आणि प, या दोनच स्वरांवर भक्कम बसलेली कॉर्ड येते. बाकी सगळीकडे कॉर्ड जराशी अस्थिर असते, पुढे ढकलणारी. आपल्या कानाला हे पटकन पटतं, कारण सा आणि प हे तंबोऱ्याचेही स्वर आहेत.

खरी गंमत उतरताना आहे. वरच्या सा वरून नी वर या, तिथे साधी नी-रे-प. मग ध. इथे नियम सांगतो: ध-सा-रे आणि तीव्र म. सगळे शुद्ध स्वर चाललेले असताना अचानक तीव्र मध्यम लागतो, आणि पुढच्याच क्षणी तो प वर विसावतो. पेटी शिकलेली मुलं इथे चमकून बघतात. काहींना यमनची आठवण येते. मी त्यांना एवढंच सांगतो की इथे तीव्र म राग बदलायला आलेला नाही. त्याचं काम प ला क्षणभर सा चा मान देण्याचं आहे. पंचमाच्या पट्टीतला तो नी आहे, आणि नी सा कडे ओढतो तसा तो प कडे ओढतो. पट्टी बदलण्याचं, म्हणजे मॉड्युलेशनचं, सगळं तंत्र या एका स्वरात बीजासारखं आहे. पुढे प वरून उतरताना पुन्हा शुद्ध म येतो, म-प-नी-रे, मग ग-प-सा, रे-म-प-नी आणि सा.

हा पाठ बोटांत बसलेल्या मुलाला कोणतीही चढती-उतरती बासओळ द्या, त्याचा हात आपोआप कॉर्ड शोधतो.

वाजवत असलेलंच उकलायचं

उपज आणि पाठांतर वेगवेगळ्या तासाला शिकवायची गरज नाही. बाखचा पांढरी एकमधला पहिला प्रेल्यूड, १७२२ च्या संग्रहातला, जवळजवळ प्रत्येक पियानो शिकणाऱ्याच्या वाट्याला येतो. त्यात सुटी अशी चाल नाहीच. प्रत्येक मापात, म्हणजे ठरावीक मात्रांच्या तुकड्यात, एक कॉर्ड, पाच स्वरांत मोडून वाजवलेली. पहिल्या चार मापांचे स्वर असे: सा ग प सा ग, सा रे ध रे म, नी रे प रे म, आणि परत सा ग प सा ग. म्हणजे बास सा वर थांबतो, वर रे-ध-म ची अस्वस्थता येते, मग बास अर्ध्या पावलानं खाली नी वर उतरतो आणि परत सा वर येतो. चार मापांत घराबाहेर जाऊन परत येणं झालं.

विद्यार्थ्याला आधी हे मोडलेलं संगीत जोडून वाजवायला लावायचं, प्रत्येक माप एकच सलग कॉर्ड म्हणून. बहुतेकांना आपण महिनाभर काय वाजवत होतो ते इथे पहिल्यांदा दिसतं. मग त्याच कॉर्ड, पण मोडणी स्वतःची. वरून खाली मोडून बघ. तीन मात्रांत बसवून बघ. डाव्या हातात खालचा, वरचा, मधला, वरचा असं फिरवून बघ: सा-प-ग-प. याला अल्बर्टी बास म्हणतात आणि मोत्सार्टच्या सोनाटांत तो जागोजाग भेटतो. सांगाडा बाखचा, अंगरखा विद्यार्थ्याचा. पाठांतरही यानं पक्कं होतं, कारण मूल स्वरांची रांग लक्षात ठेवण्याऐवजी वाट लक्षात ठेवतं.

दुसरं उदाहरण पाखेलबेलच्या प्रसिद्ध कॅननचं, म्हणजे एकाच सुरावटीचा एकामागून एक पाठलाग करणाऱ्या रचनेचं. त्याचा बास आठ स्वरांचा: सा प ध ग म सा म प. तो २८ वेळा जसाच्या तसा फिरतो आणि वर तीन व्हायोलिन दर फेरीत नवं काही सांगतात. आवर्तन या कल्पनेवर वाढलेल्या आपल्या मुलांना हे समजावून सांगावंच लागत नाही. वर्गात पेटीवाला आणि पियानोवाला असे दोघं असतील तर हा बास पियानोवाल्याला द्यावा आणि पेटीवाल्याला वर मोकळं सोडावं. कीबोर्डचं ट्यूनिंग आधी पेटीशी जुळवून घ्यायचं, नाहीतर सगळी मजा जाते. दहा-बारा आवर्तनं झाली की जागा बदलायच्या. पियानोवाली मुलगी वरची ओळ आधी भीत भीत, एका मापाला एकच स्वर ठेवून वाजवते. तेवढं पुरेसं आहे. पुढच्या फेरीत दोन स्वर.

वरची ओळ सजवण्याचाही क्रम आहे. आधी नियम एकच: जोराच्या मात्रेवर कॉर्डमधलाच स्वर. मग दोन स्वरांमधली फट भरायची, सा आणि ग च्या मध्ये रे. मग शेजारच्या स्वराला शिवून परत यायचं, सा-नी-सा. हे रुळलं की मागचा स्वर अडवून धरायला शिकवायचं. कॉर्ड प ची झाली तरी सा सोडायचा नाही, जमीन बदलून गेलीये आणि वरचा सूर अजून जुन्या जागी, मग सावकाश नी वर उतरायचं. या एका युक्तीनं बारा वर्षांच्या मुलाचं वाजवणं एकदम मोठ्या माणसासारखं वाटायला लागतं.

ही विद्या गेली कुठे

१७४७ साली थोरले बाख पॉट्सडॅमला फ्रेडरिक राजाच्या दरबारी गेले. राजानं एक सुरावट दिली आणि बाखनी तिथल्या तिथे तिच्यावर तीन आवाजांचा फ्यूग, म्हणजे एकच सुरावट एकेका आवाजात आळीपाळीनं शिरते अशी रचना, वाजवून दाखवला. त्यांचे चिरंजीव कार्ल फिलिप इमानुएल त्याच दरबारी नोकरीला होते. त्यांनी कीबोर्डवादनावर दोन भागांत ग्रंथ लिहिला, १७५३ आणि १७६२ साली. दुसऱ्या भागाचं शेवटचं प्रकरण मुक्त फँटसीबद्दल, म्हणजे मनानं रचत जायच्या वादनाबद्दल, आहे आणि त्यात ते आधी आकड्यांसह बासचा सांगाडा देतात, मग त्यावर उभं राहिलेलं पूर्ण वादन. राजासमोर वाजवण्याइतकी विद्याही शेवटी या सांगाड्यातूनच शिकवली जात होती.

एकोणिसाव्या शतकात चित्र बदललं. छापील संगीत स्वस्त आणि मुबलक झालं, रचनाकाराचा शब्द अंतिम मानला जाऊ लागला, संगीतशाळांत परीक्षा आल्या आणि परीक्षकाला मोजता येईल असंच शिकवलं जाऊ लागलं. १८०९ साली बेथोव्हेननी आपल्या पाचव्या पियानो कॉन्चेर्टोत, म्हणजे एकटा पियानो आणि वाद्यवृंद यांच्या रचनेत, वादकाला स्पष्ट लिहून ठेवलं की इथे स्वतःचा कॅडेन्झा (वाद्यवृंद थांबल्यावर वादकानं एकट्यानं वाजवायचा भाग) वाजवू नये, पुढे लिहिलंय तेच वाजवावं. स्वतः बेथोव्हेन उत्स्फूर्त वादनासाठी व्हिएन्नात गाजलेले होते, हे लक्षात घेतलं की त्या सूचनेचं वजन कळतं. चर्चमधल्या ऑर्गनवादकांनी मात्र ही परंपरा जपली. फ्रान्समध्ये ती आजही जोमात शिकवली जाते.

आपल्याकडे पियानोचं शिक्षण आलं ते परीक्षांबरोबर, म्हणजे विद्या कागदावर गेल्यानंतर. परीक्षा वाईट नाहीत. कोल्हापूरसारख्या गावातल्या मुलाला त्या एक शिस्त आणि पुढची वाट देतात. ट्रिनिटी या लंडनच्या परीक्षा संस्थेच्या ग्रेड परीक्षेत पूरक चाचण्यांमध्ये इम्प्रोव्हायझेशनचा, म्हणजे उपजेचा, पर्यायही असतो. शिक्षकांनी तो टाळू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वर्गात काय सांभाळायचं

घरी बहुतेकांकडे ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड असतो. तेवढा पुष्कळ झाला. फक्त त्यावरचं आपोआप साथ देणारं बटण बंद करायचं. एका बोटानं कॉर्ड दाबली की मशीन बास, ताल, सगळं वाजवतं, आणि जे शिकायचं तेच मशीन शिकून बसतं. ताल हवा असेल तर मोबाइलवर दादरा किंवा केरवा लावावा.

पर्याय कमी द्यावेत. "काहीही वाजव" म्हटलं की मूल गोठतं. "सा, रे, ग हे तीनच स्वर, खाली सा आणि प च्या कॉर्ड, आठ मापं, शेवट सा वर" म्हटलं की वाजवतं. लय मोडू द्यायची नाही. स्वर चुकला तर चालेल, थांबलेलं चालणार नाही. चुकलेला स्वर बहुतेक वेळा बरोबर स्वराच्या शेजारीच असतो, तिथून एक पाऊल सरकलं की तो मुद्दाम घेतल्यासारखा वाटतो. हे मुलाला दाखवून द्यावं, भीती निम्मी होते. आणि हे सगळं तासाच्या सुरुवातीला दहा मिनिटं, रोजच्या तुकड्याच्या आधी. शेवटी ठेवलं तर ते कधीच होत नाही.

पालक विचारतात, "मग आमची मुलगी यावर भूप, यमन पण वाजवेल ना?" इथे सावध राहावं लागतं. भूपात म आणि नी नाहीत. म च्या कॉर्डमध्ये म आहे, प च्या कॉर्डमध्ये नी. म्हणजे तीनपैकी दोन कॉर्ड वाजवल्या की भूप गेला. भूपाच्या पाच स्वरांत पूर्ण कॉर्ड दोनच बसतात, सा-ग-प आणि ध-सा-ग. सिनेसंगीतात या दोन जगांची सुंदर गाठ घातली गेलीय आणि ती मलाही आवडते. पण शिकताना राग तंबोऱ्यावर शिकावा आणि हार्मनी बासवर. दोन्ही वेगवेगळ्या नीट कळल्या तर पुढे मिसळायचं कसं, हे मूल स्वतः ठरवेल.

शुद्ध स्वरांत हात मोकळा झाला की कोमल स्वरांकडे वळावं. सा, कोमल नी, कोमल ध, प अशी उतरणारी चार स्वरांची बासओळ सतराव्या शतकातल्या विलापगीतांत सतत येते. चारच स्वर असल्यानं लहान मुलंही तिच्यावर लगेच वाजवू लागतात, आणि वयात येणाऱ्या मुलांना ती फार आवडते.

या सगळ्याचा उपयोग मोठ्या विद्यार्थ्याला कुठे दिसतो, तर कॉन्चेर्टोच्या कॅडेन्झात. तिथे वाद्यवृंद प च्या बासवर, वर सा आणि ग ठेवून थांबतो आणि वादकाला एकटं सोडतो. मोत्सार्टच्या १७८५ च्या डी मायनर कॉन्चेर्टोचा त्यांचा स्वतःचा कॅडेन्झा आज उपलब्ध नाही. बरेच वादक बेथोव्हेननी लिहिलेला वाजवतात. तोही अभ्यासावा. पण इथवरचे पाठ झालेल्या विद्यार्थ्यानं आपला एक छोटासा बांधून बघावा. कॉन्चेर्टोतलीच एखादी ओळखीची सुरावट घ्यायची, तिला दोन-तीन वेगळ्या जमिनींवर ठेवायचं, सप्तकाच्या नियमानं बास हळूहळू प पर्यंत आणायचा, रे वर ट्रिल (शेजारच्या स्वराशी भराभर आलटून पालटून वाजवणं) धरायचा, खाली प-नी-रे-म, आणि सा वर वाद्यवृंदाला परत आत घ्यायचं.